कुणापैकी?

बर्गनच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर
तोरुन येल्मेलांद दीपगृहांच्या वह्या
एक्सएमएलमध्ये उतरवते.
परवा तिचा फोन आला :
तुझ्या एडिटरला काय झालंय?
अख्खी फाइल लाल.

मी गेलो. दुपारचे चार, बाहेर मिट्ट काळोख.
पडद्यावर एकोणीसशे चौदाचा नोव्हेंबर,
आणि स्कार्वॉयच्या दिव्याचा रखवालदार अन्फिन लिहीत होता :
धुकं. काही दिसलं नाही. दिवा लावला.
धुकं. तेल दोन मापं. दिवा लावला.
धुकं. मार्गिट तापाने फणफणलेली. दिवा लावला.
प्रत्येक ओळीखाली नागमोडी लाल रेघ,
एखाद्या खडूस मास्तराने ओढावी तशी.

चूक अन्फिनची नव्हती. तोरुनचीही नाही.
फाइलीचा सगळ्यात वरचा टॅग होता 'लॉग',
आणि माझ्या एडिटरने नुसतं नाव ऐकून
यंत्रांच्या नोंदींचा स्कीमा आणून तिच्या गळ्यात बांधला होता.
आता तो अन्फिनला दरडावत होता :
सर्व्हरचा क्रमांक कुठाय?
सेकंदाचा हजारावा भाग कुठाय?
मार्गिट हा कुठला एरर कोड?

ही सोयरीक मीच जुळवली होती,
बारा वर्षांपूर्वी, रात्री दोन वाजता,
सकाळी आवृत्ती द्यायची होती म्हणून.
'तात्पुरतं' अशी टीपही आहे तिथे. माझ्याच हातची.

आमच्यात यावरून भांडणं झालीत.
आइविंद म्हणतो, फाइलीने स्वतःच सांगावं,
पहिल्या ओळीत, कपाळावर लिहून आणावं
आपण कुठल्या घरचे ते.
पण ट्रॉम्सोहून एक फाइल आली होती,
तिच्या कपाळी कुणाच्या तरी डी ड्राइव्हचा पत्ता.
माणूस निवृत्त झाला, संगणक भंगारात गेला,
ती अजून तेच दार दाखवते.

नेमस्पेस पाहावा म्हणावं, तर तो आडनावासारखा,
शेतावरून पडलेला.
शेत एकच, पण वाटण्या झालेल्या,
आणि भावकी एकमेकांचे नियम मानत नाही.

त्यातल्या त्यात बरी ती फोल्डरमधली चिठ्ठी :
स्कार्वॉयपासून सुरू होणाऱ्या फाइली
अमुक नियमाने वाचाव्यात.
मूळ कागदाला बोट न लावता,
शेजाऱ्याने हळूच सांगावं तसं.

आणि चिठ्ठीच नसेल तर? मी मोठ्यानेच म्हणालो.
तोरुनने कॉफीचा कप खाली ठेवला.
"तर मला विचार ना.
मी इथेच तर बसलेली असते."

बारा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

मग आम्ही चिठ्ठी लिहिली, तीन ओळींची.
फाइल बंद करून पुन्हा उघडली.
लाल रंग उतरला. खालपासून वरपर्यंत
महिना स्वच्छ झाला.
एक जागा सोडून.

एकोणीस तारीख.
तोरुनच्या स्कीमात एकच अट कडक आहे :
प्रत्येक रात्रीला दिवा हवा.
तिने पेटीतून मूळ वही काढली, हातमोजे घालून.
एकोणीस : फक्त तारीख. पुढे कोरं.
वीस : धुकं ओसरलं. दिवा लावला.
मार्गिटचं नाव त्यानंतर कुठेच नाही.

मी विचारलं, अट थोडी सैल करू?
एका टिंबाचं काम आहे.
ती वहीकडेच बघत होती.
"नको," म्हणाली, "ही चूक त्याची आहे.
राहू दे त्याच्याकडे."

घरी येऊन मी तो जुना कोड पुसला.
आता ओळख पटली नाही, तर एडिटर गप्प राहतो,
काही रंगवत नाही, एक छोटी चौकट उघडतो,
आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने नवख्याला विचारावं
तेवढंच विचारतो.

स्कार्वॉयची फाइल काल अभिलेखागारात गेली.
सोबत चिठ्ठी.
एक रेघ लाल.